तिशीतला विद्यार्थी : वासिली कँडिन्स्की

ज्या वयात आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य नोकरीत कायम होतो, बिऱ्हाड थाटतो आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब मनाशी मांडू लागतो, त्या वयात एका गृहस्थाने चालून आलेली प्राध्यापकी नाकारली आणि दहा-दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांच्या शेजारी बसून चित्रकलेची मुळाक्षरे गिरविण्यास प्रारंभ केला. त्या गृहस्थाचे नाव वासिली कँडिन्स्की. अमूर्त चित्रकलेच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना आज सर्वत्र होते.

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका रशियन चित्रकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी करील, तर तो रास्तच होय. परंतु आपल्या मंडळींत नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आलेले आणि एखादा छंद ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले लोक पुष्कळ असतात. मुलांची शिक्षणे आटोपली की त्यांपैकी कोणी तैलरंगांची पेटी विकत आणतो आणि मग दोन शंका त्याला घेरतात. पहिली, आता या वयात जमेल काय? दुसरी, चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही, तेव्हा अमूर्त चित्रापासूनच आरंभ केला तर बरे नव्हे काय? या दोन्ही शंकांचे उत्तर कँडिन्स्कीच्या चरित्रात जितके स्वच्छ मिळते तितके क्वचितच अन्यत्र मिळेल, असे आम्हांस वाटते.

त्याचा जन्म १६ डिसेंबर १८६६ रोजी मॉस्को येथे झाला. वडील चहाचे व्यापारी, मूळचे मंगोलियाच्या सीमेलगतच्या क्याख्ता गावचे. १८७१ मध्ये हे कुटुंब काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरी आले. लवकरच आईवडील विभक्त झाले आणि मुलाचा सांभाळ मावशीने केला. पियानो आणि चेलो ही वाद्ये तो बालपणीच शिकला. संगीताचा हा संस्कार पुढे त्याच्या चित्रांतून अखेरपर्यंत झिरपत राहिला. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याने पैसे साठवून तैलरंगांची एक पेटी विकत घेतली. नळीतून बाहेर पडणारा तो ओला, चकचकीत रंग पाहून त्या मुलाला जे वाटले, त्याची आठवण त्याने प्रौढपणी मोठ्या असोशीने लिहून ठेवली आहे. रंग हा त्याच्या लेखी प्रथमपासूनच सजीव होता.

तथापि पेटी राहिली बाजूला आणि मुलगा १८८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात कायदा व अर्थशास्त्र शिकू लागला. १८८९ मध्ये लोकजीवन व ग्रामीण न्यायपद्धती यांच्या अभ्यासासाठी तो उत्तरेकडील व्होलोग्दा प्रांतात गेला. तेथील शेतकऱ्यांची लाकडी घरे, रंगविलेली कपाटे व पेट्या आणि भिंतींवरील देवादिकांच्या तसबिरी पाहून आपण घरात नव्हे, एखाद्या चित्राच्या आत पाऊल टाकले आहे, असा त्याला भास झाला. ज्या दौऱ्यातून विधिशास्त्राची टिपणे आणावयाची, त्यातून तो चित्रकलेचा संस्कार घेऊन परतला. तरीही शिक्षण त्याने नेटाने पुरे केले, कामगारांच्या वेतनासंबंधी प्रबंध लिहिला, विद्यापीठात अध्यापन केले, आपल्या नात्यातील बहिणीशी विवाह केला आणि १८९५ मध्ये एका छापखान्यात कलाविषयक व्यवस्थापक म्हणूनही काम केले.

याच सुमारास मॉस्कोत फ्रेंच चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात क्लोद मोने याचे गवताच्या गंजीचे एक चित्र होते. चित्रात काय आहे ते कँडिन्स्कीला ओळखू येईना. सूचिपत्रिका वाचली तेव्हा ती गंजी असल्याचे कळले. वस्तू ओळखता न येणे हा चित्रकाराचा दोष, असे त्याला आरंभी वाटले. परंतु ते चित्र काही केल्या मनातून जाईना. वस्तू हरवली तरी चित्र उरते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. वाग्नरचा संगीतनाट्यप्रयोग ऐकतानाही डोळ्यांपुढे रंग उभे राहिल्याचा अनुभव त्याला आला. १८९६ मध्ये डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू, येथील विद्यापीठाने त्याला अध्यापकाची जागा देऊ केली, ती त्याने नाकारली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतील म्यूनिक शहराची वाट धरली. वय वर्षे तीस.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. त्याच्या वडिलांनी त्याला दीर्घकाळ आर्थिक साहाय्य केले. हे पाठबळ ज्याला नाही, त्याने कँडिन्स्कीचा दाखला देऊन राजीनामा लिहावा, असा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही. घेण्याजोगा धडा राजीनाम्याचा नसून त्यानंतरच्या वर्षांचा आहे.

म्यूनिकमध्ये तो आंटोन आझ्बे या स्लोव्हेनियन शिक्षकाच्या खासगी शाळेत दाखल झाला. आझ्बेची रीत अशी की, शिर असो वा देह, प्रथम त्याचा गोलसर घनाकार पकडावयाचा, तपशील मागाहून. रंग पाटीवर फार कालवावयाचे नाहीत. रुंद कुंचल्याने ते शुद्ध स्वरूपातच शेजारी शेजारी ठेवावयाचे. रंगांची ही मोकळीक कँडिन्स्कीला मानवली, परंतु कोंदट खोलीत उघड्या देहाचे रेखाटन करणे त्याला नकोसे होई. संधी मिळताच तो वर्ग चुकवून रंगपेटीसह बाहेर पडे. सहाध्यायी त्याला निसर्गचित्रे रंगविणारा म्हणून हिणवीत. असे असूनही त्याने शरीररचनाशास्त्राची व्याख्याने ऐकली, रेखाटनाचे तास भरले. पुढे फ्रान्झ फोन श्टुक या नामांकित चित्रकाराच्या वर्गासाठी त्याने राजकीय कला अकादमीत प्रयत्न केला, तेव्हा रेखाटन कच्चे म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. तेहतिशीच्या उंबरठ्यावर, कायद्याचा पदवीधर असलेला मनुष्य प्रवेशपरीक्षेत नापास झाला! त्याने घरी बसून रेखाटनाचा अभ्यास केला आणि १९०० मध्ये त्याच वर्गात प्रवेश मिळविला. श्टुकने त्याच्या रंगांच्या उधळपट्टीला लगाम घातला आणि आकार समजावा म्हणून काही काळ केवळ काळ्यापांढऱ्यात रंगविण्यास सांगितले. आरंभिलेले चित्र पूर्ण कसे करावे हे आपण त्याच्याकडून शिकलो, ही कृतज्ञता कँडिन्स्कीने पुढेही बाळगली.

अमूर्त चित्रापासून आरंभ करू इच्छिणाऱ्यांनी हे पर्व मनावर घ्यावे. यानंतर आपल्या बळावर उभा राहिलेला कँडिन्स्की काय करीत होता? तर छोट्या फळकुटांवर आणि कॅनव्हासवर, उघड्या निसर्गात बसून, पॅलेट नाइफने दाट रंग थापीत होता. झाडे, तळी, उन्हातल्या भिंती असे त्यांचे विषय. तैलरंगाचा स्वभाव कळण्यास याहून चांगली शाळा नाही. हा रंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते, आणि त्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून नवशिक्याला तो क्षमाशील वाटतो. नको असलेला रंग सुरीने खरवडता येतो, शेजारचा रंग त्यात ओढता येतो. मात्र त्याचा एक नियम मोडून चालत नाही. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा असावा आणि वरचे थर उत्तरोत्तर अधिक तेलाचे. याच्या उलट केल्यास वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. आधी आधार, मग श्रीमंती, हा क्रम रंगालाही आहे आणि शिक्षणालाही.

१९०१ मध्ये त्याने फालांक्स नावाचा कलावंतांचा संघ स्थापन केला व त्याच्या शाळेत शिकविलेही. तेथील विद्यार्थिनी गाब्रिएल म्यून्टर ही पुढे त्याची सहचरी झाली. काही वर्षे ट्युनिसिया, इटली, फ्रान्स असा प्रवास झाल्यावर १९०८ मध्ये दोघे आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या मुर्नाउ गावी आली. येथे रंग वस्तूंपासून सुटू लागले. डोंगर निळा, रस्ता गुलाबी, आभाळ पिवळे. घर अजून घरच होते, पण त्याचा रंग घराचा राहिला नव्हता. एके सायंकाळी म्यूनिकच्या चित्रशाळेत शिरताना त्याला भिंतीशी एक अतिशय सुंदर, अनोळखी चित्र दिसले. जवळ जाऊन पाहतो तो ते त्याचेच, आडवे टेकलेले चित्र! दुसऱ्या दिवशी उजेडात तो प्रत्यय पुन्हा आला नाही, कारण आता वस्तू ओळखू येत होत्या. आपल्या चित्रांना वस्तूच बाधक ठरते, हे त्याने त्या दिवशी ओळखले.

परंतु वस्तू काढून टाकली तर तेथे काय ठेवावयाचे? निव्वळ नक्षीकाम उरेल, ही भीती त्याला सतत होती, आणि या भीतीमुळेच तो घाई करीत नव्हता. १९११ च्या जानेवारीत आर्नोल्ड श्योनबेर्गचे नवे संगीत ऐकून त्याचा धीर वाढला. सूर कोणत्याही वस्तूचे चित्र काढीत नाहीत, तरी ते अर्थवाही असतात. मग रंगांनीच का असू नये? डिसेंबर १९११ मध्ये त्याचे एक भव्य चित्र, आकार नियमाहून मोठा या सबबीवर, त्यानेच स्थापिलेल्या संघाने नाकारले. तो संघाबाहेर पडला आणि फ्रान्झ मार्क याच्यासह निळा घोडेस्वार या नावाचे प्रदर्शन त्याच महिन्यात भरविले. कलेतील आत्मिक तत्त्वासंबंधीचा त्याचा ग्रंथही तेव्हाच प्रसिद्ध झाला. मद्रासजवळील अड्यार येथे मुख्यालय असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचा परामर्श त्यात आहे, ही गोष्ट भारतीय वाचकास कुतूहलाची वाटेल.

१९१३ मधील त्याचे सातव्या क्रमांकाचे कॉम्पोझिशन हे सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद तैलचित्र आज मॉस्कोत आहे. ते त्याने २५ ते २८ नोव्हेंबर या चार दिवसांत रंगविले. म्यून्टरने टप्प्याटप्प्याला घेतलेली छायाचित्रे याची साक्ष देतात. चार दिवसांत एवढे चित्र म्हणजे मनाला येईल तसे फटकारे, असे कोणी म्हणेल. परंतु या चित्रासाठी त्याने तीसहून अधिक रेखाटने, जलरंगचित्रे व तैलरंगातील कच्चे आराखडे आधी केले होते. म्यूनिकला येऊन तेव्हा त्याला सतरा वर्षे होत आली होती. आमच्या मुलानेही असे काढले असते, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी धरावा. पहिला अमूर्त चित्रकार हाच, असा दावा मात्र आता सर्वमान्य नाही. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्त्रीने १९०६ पासून अशी चित्रे केली होती, आणि कँडिन्स्कीने १९१० हे साल घातलेले प्रसिद्ध जलरंगचित्र १९१३ चे असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याने त्याचे मोल उणे होत नाही.

पुढील आयुष्य सोपे नव्हते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच रशियन नागरिक म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. १९१७ मध्ये नीना आंद्रेयेव्हस्काया हिच्याशी त्याचा विवाह झाला. क्रांतीत मालमत्ता गेली, आणि १९२० मध्ये त्यांचा एकुलता एक बाळ दगावला. १९२१ च्या अखेरीस तो जर्मनीत परतला आणि १९२२ पासून वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागला. तिशीत मुळाक्षरे गिरविणारा विद्यार्थी पन्नाशी उलटल्यावर इतरांसाठी मुळाक्षरे रचू लागला. बिंदू, रेषा आणि पृष्ठ यांवरील त्याचा ग्रंथ १९२६ चा. पिवळा त्रिकोण, तांबडा चौकोन, निळे वर्तुळ हे त्याचे समीकरण कलाशाळांत पिढ्यान् पिढ्या चर्चिले गेले. त्याच १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे मांडली गेली, तीत त्याचीही होती. स्टेला क्रामरिश यांच्या पुढाकाराने हे घडले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेखाली बाउहाउस बंद पडले आणि वर्षअखेरीस तो पॅरिसलगतच्या न्यूयी येथे जाऊन राहिला. १९३७ मध्ये जर्मन संग्रहालयांतून त्याची चित्रे काढून टाकण्यात आली, काही विकृत कला म्हणून चव्हाट्यावर मांडली गेली. तिकडे मुर्नाउच्या घरात गाब्रिएल म्यून्टरने, तो सोडून गेला असतानाही, त्याची जुनी चित्रे लपवून जपली आणि १९५७ मध्ये आपल्या ८० व्या वाढदिवसानिमित्त म्यूनिक शहरास अर्पण केली. युद्धकाळात मोठे कॅनव्हास दुर्मीळ झाले, तेव्हा तो लहान पुठ्ठ्यांवर रंगवू लागला. १३ डिसेंबर १९४४ रोजी, ७८ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, तो निवर्तला.

आपल्या वासुदेव गायतोंडे यांना तरुणपणी ज्या पॉल क्लेच्या चित्रांची ओढ लागली, तो क्ले डेसाउ येथे कँडिन्स्कीच्या जुळ्या घरातला शेजारी होता. नागपूरला जन्मलेले, गोमंतकीय कुळातले गायतोंडे १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन निघाले आणि पुढे दिल्लीत राहून मोजकीच, पण अढळ चित्रे करीत राहिले. त्यांनीही आरंभ केला होता तो रेषेने आणि मानवाकृतींनीच.

तेव्हा ज्या सभासदबंधुभगिनींनी रंगांची पेटी आणून कपाटावर ठेवली असेल, त्यांना आमचे इतकेच सांगणे की, ती खाली उतरवावी. एक लहान फळी घ्यावी, खिडकीतले झाड घ्यावे, खालचा थर पातळ ठेवावा. झाड सोडून देण्याची वेळ यावयाची असेल तर ती येईल, पण प्रथम ते झाड हाती यावयास हवे. उशीर झाला, असे मानण्याचे कारण नाही. कँडिन्स्कीने आरंभ केला तेव्हा त्याच्याही हाती अवघी एक पेटी आणि नापास होण्याची तयारी, एवढेच होते.