ढोरांमागं फिरणाऱ्या लेकरांची शाळा : ताराबाई मोडक यांची जीवनकथा

बीदर/कलबुर्गी : औराद, भालकी, बसवकल्याण असो की आळंद, गावात शिरलं की अंगणवाडी दिसतेच. पाटी कन्नड, आतली लेकरं घरात मराठी बोलणारी, गल्लीत कन्नड, उर्दू नाहीतर लंबाणी ऐकणारी. पण अंगणवाडी हा शब्द सगळ्यांचाच झालाय. तो ज्यांच्या कामातून रूढ झाला त्या ताराबाई मोडक मात्र सीमाभागात फारशा कुणाला ठाऊक नाहीत.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. मुलींनी चौथी शिकली तरी पुष्कळ, अशा त्या काळात 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढं अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं, एक मुलगी झाली. संसार मात्र टिकला नाही. 1921 मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि पदरात लहान मुलगी असताना स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून काम केलं.

आयुष्याला वळण लागलं ते भावनगरात. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनी 1920 मध्ये तिथं दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई त्यांच्या कामात सामील झाल्या. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंचे विचार तिथं लेकरांबरोबर तपासून बघितले जात होते. लेकराला छडी नको, बक्षिसाची लालूचही नको. हाताला काम द्यायचं आणि मोठ्यांनी थोडं मागं सरकायचं. हात चालला की डोकं चालतं, असा त्या पद्धतीचा पाया. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघाली, नंतर मराठीतही आली.

विचार कुठून येतो?

त्याच सुमारास जगात इतरत्रही हा प्रश्न तपासला जात होता. 1913 पासून पुढं काही वर्षं वुल्फगांग कोहलर हे जर्मन शास्त्रज्ञ टेनेरिफ बेटावर जनावरांचे प्रयोग करत होते. कुंपणापलीकडं खाणं ठेवलं की कोंबडी समोरच धडका देत राहायची. कुत्रा वळसा घालून जायचा. सव्वा वर्षाची एक मुलगीसुद्धा आधी समोर रेटून बघायची, मग इकडंतिकडं पाहून हसत हसत वळसा घालायची.

सुलतान नावाच्या चिंपांझीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गजाबाहेरचं केळं त्याच्या काठीला पुरेना. बराच वेळ खटपट करून त्यानं नाद सोडला. मग दोन काठ्या घेऊन नुसताच खेळत बसला. खेळता खेळता एक काठी दुसरीच्या पोकळीत बसली आणि तो लगेच केळ्याकडं धावला. जे धडपडून सुचलं नाही ते खेळताना सुचलं. भावनगरच्या बालमंदिरात लेकरांना खेळू देण्यामागं नेमकी हीच जाण होती.

शाळाच अंगणात गेली

1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. नाव झालं, पण शहरातल्या शिकलेल्या घरांपुरतंच हे काम राहू नये म्हणून 1945 मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. वय 53. सोबत आल्या अनुताई वाघ, तेराव्या वर्षी विधवा होऊनही जिद्दीनं शिकलेल्या शिक्षिका.

बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली लेकरं येईनात. आई-बाप मजुरीला गेलेले, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं. दुसरा कुणी असता तर पालकांनाच नावं ठेवली असती. ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. अंगण झाडायचं, लेकरांना आंघोळी घालायच्या आणि तिथंच खेळ, गाणी, गोष्टी मांडायच्या. ती अंगणवाडी.

हिशेबाची बाजूही त्यांनी सोडली नाही. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, खेड्याला न परवडणारं. त्याऐवजी खडे, बिया, पानं, शिंपले, काड्या आल्या. लहान-मोठं, जड-हलकं, कमी-जास्त सगळं त्यातूनच शिकवता येतं. खर्च जवळजवळ शून्य.

1956-57 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेलं. इथली मोठी मुलं दिवसभर ढोरांमागं. म्हणून कुरणशाळा निघाली. ढोरं जिथं चरतील तिथं शिकवणारा जाणार.

या कुरणशाळेचं मोल आपल्या भागात ढोरं राखून मोठं झालेल्या कुणालाही कळेल. गाय सवयीनं संध्याकाळी घराकडं वळते. पण काल कुठलं गवत संपलं, उद्या कुठं न्यायचं, पाणी किती लांब, आभाळ भरलं तर कधी परतायचं, याचा हिशेब राखणाऱ्या पोराला मनात ठेवावा लागतो. असा पुढचा विचार रोज करणाऱ्या पोराला अक्षर येत नाही म्हणून शाळा मठ्ठ ठरवत होती. ताराबाईंच्या कामानं हा शिक्का पुसायला सुरुवात केली.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम 1992 मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत चालवलं.

शब्द राहिला, खेळ?

ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. कर्नाटकात पहिला मान म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला मिळाला. तिथूनच अंगणवाडी पुढं आपल्या गल्लीपर्यंत पोचली.

आज तिथं आहार मिळतो, वजन होतं, नोंदवह्या भरतात. ही कामं लागतातच, आणि तुटपुंज्या मानधनात सेविका ती ओढत असतात. पण खड्यांचा ढीग मांडून लेकराला अर्धा तास त्याच्या मनासारखं करू दिलं जातं का, त्याला समजणाऱ्या बोलीत कुणी गोष्ट सांगतं का, हेही बघायला हवं. घरात मराठी ऐकणारं लेकरू कन्नड पाटीखाली गप्प बसलं, तर त्याला डोकं नाही असं नव्हे. दोन्ही भाषा त्याला यायलाच हव्यात, पण सुरुवात त्याच्या अंगणातून व्हावी. ताराबाई स्वतः मराठी, आणि त्यांच्या या कामाचा पाया घातला गेला गुजराती लेकरांमध्ये.

खडे, बिया आणि अंगण आजही प्रत्येक गावात आहे. त्यासाठी कुठलंही टेंडर काढावं लागत नाही.