गोऱ्यांच्या हायकोर्टात बदरुद्दीन तय्यबजी

आमच्या मांडवीच्या जेटीवर गप्पा रंगल्या की कधीतरी टिळकांचा विषय निघतोच, शेवटी ते रत्नागिरीचे. पण 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना जामीन कोणी दिला, हे आपल्या पोरांना विचारून बघा!

ते होते न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी. जन्म मुंबईचा, 1844 चा. विलायतेत शिकून 1867 मध्ये ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले. तिथले पहिले हिंदी बॅरिस्टर. आजूबाजूला सगळे गोरे. त्यात पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे, केस सॉलिसिटरमार्फत यायची. गोरा सॉलिसिटर हिंदी माणसाला केस कशाला देईल? इथे थोरले भाऊ कमरुद्दीन कामी आले. ते 1858 मध्येच इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते, हेही हिंदी लोकांत पहिलेच. सुरुवात भावाच्या आधारानं झाली, पुढचं नाव स्वतःच्या हुशारीवर.

दोघांनी मिळून 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, ती तर सगळ्यांना माहीत आहे. 1883 मध्ये गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशानं चालवावा की नाही, यावर रान पेटलं. इल्बर्ट बिल ते हेच. तेव्हा टाऊन हॉलच्या सभेत बदरुद्दीन बिलाच्या बाजूनं ठामपणे बोलले.

1895 मध्ये ते त्याच कोर्टात न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांनी टिळकांचा अर्ज त्यांच्यापुढे आला. आधी तो नामंजूर झालेला, सरकारचा विरोध कायम. बदरुद्दीन यांनी जामीन मंजूर केला आणि टिळक खटल्याच्या तयारीसाठी बाहेर आले.