विल्की कॉलिन्स : रहस्यामागील माणसे

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून ४ जानेवारी १८६८ पासून ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तिचा लेखक विल्की कॉलिन्स वयाची चव्वेचाळीस वर्षे पूर्ण करण्याच्या बेतात होता. ८ ऑगस्टला बत्तिसावा, म्हणजे अखेरचा हप्ता छापला गेला. दरम्यान त्याची आई वारली, संधिवाताने त्याला अंथरुणाला खिळवले आणि त्याचे घरही मोडत आले. इंग्रजी रहस्यकादंबरीच्या इतिहासात या कृतीला आद्य स्थान दिले जाते. मात्र तिची चर्चा बहुधा कथानकाच्या रचनेपाशी थांबते. रचना चोख आहेच. परंतु रहस्य कळल्यानंतरही वाचक तिच्याकडे पुन्हा वळतो तो तिच्यातील माणसांसाठी, आणि या माणसांचा माग कॉलिन्सच्या चरित्रात लागतो.

त्याचा जन्म लंडनमध्ये ८ जानेवारी १८२४ रोजी झाला. वडील विल्यम कॉलिन्स हे निसर्गचित्रांसाठी नावाजलेले चित्रकार व रॉयल अकादमीचे सदस्य होते. मुलाला ‘विल्की’ हे नाव मिळाले तेही डेव्हिड विल्की या चित्रकारावरून. निवासी शाळेत असताना एक दांडगट मोठा मुलगा रात्री त्याला धमकावून गोष्टी सांगायला लावी. मनाविरुद्ध केलेला हा कथनाचा पहिला रियाज! पुढे चहाच्या एका पेढीत उमेदवारी झाली, वकिलीची सनदही १८५१ मध्ये मिळाली. वकिली मात्र त्याने कधीच केली नाही. तरीही कायद्याचे शिक्षण वाया गेले नाही. प्रत्येक साक्षीदाराने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, हे न्यायालयीन तत्त्व त्याने ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९-६०) मध्ये निवेदनासाठी वापरले आणि ‘द मूनस्टोन’मध्ये त्याचा पुरेपूर लाभ उठवला.

या तंत्राचा हेतू सामान्यतः माहिती दडवणे हा मानला जातो. कॉलिन्सच्या हाती ते स्वभावदर्शनाचे साधन होते. हिऱ्याच्या चोरीचा पूर्वार्ध सांगतो तो घरचा वृद्ध कारभारी बेटरेज. ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी पोथीसारखी कुठेही उघडून तो तीत शकुन पाहतो, चिलीम ओढतो, मूळ विषय सोडून भरकटतो आणि वाचकाची क्षमा मागून पुन्हा वाटेवर येतो. चोर कोण, या प्रश्नाइतकीच या म्हाताऱ्याच्या सहवासाची ओढ वाचकाला लागते. तपासाला आलेला सार्जंट कफ हा कृश, रुक्ष दिसणारा माणूस. पण गुलाबांचा विषय निघाला की माळ्याशी हुज्जत घालतो. १८६० च्या रोड हिल येथील बालहत्येचा तपास करणाऱ्या जोनाथन व्हिचर या अधिकाऱ्याची छाया कफवर आहे. हरवलेल्या रात्रवस्त्राचा दुवाही त्याच प्रकरणातला. व्हिचरने घरातील मुलीवर आरोप ठेवला म्हणून त्याची छीथू झाली. १८६५ मध्ये त्या मुलीने गुन्हा कबूल केला. वास्तवातील पोलीस अधिकारी बरोबर असून लोकांनी त्याला चूक ठरवले. कादंबरीतला कफ मात्र खरोखरच चुकतो. पुढल्या काळातील सर्वज्ञ गुप्तहेरांपेक्षा तो अधिक जवळचा वाटतो, त्याचे एक कारण हेही असावे.

१९ मार्च १८६८ रोजी आईचे निधन झाले. अंत्यविधीला जाण्याइतकेही त्राण कॉलिन्समध्ये नव्हते. वेदना सोसवेनात म्हणून तो लॉडनम हा अफूचा अर्क घेई व त्याची मात्रा वाढत गेली. कादंबरीचा मोठा भाग आपण शय्येवरून तोंडी सांगून लिहवून घेतला, असे त्याने नंतर नमूद केले. हस्तलिखितात मात्र परक्या हस्ताक्षरातील पाने अगदी मोजकी आहेत. आख्यायिकेचा हा भाग कमी करूनही एक गोष्ट उरते : बिछान्यातून उठता न येणारा माणूस त्या आठवड्यांत विनोदी प्रकरणे लिहीत होता आणि हप्ता चुकवत नव्हता.

अफूच कथेतील कोड्याचे उत्तरही ठरते. नायकाला नकळत अफू दिली गेली होती, हे शोधून काढतो एझ्रा जेनिंग्ज : मिश्रवंशीय, बदनाम, असाध्य दुखण्याने पोखरलेला आणि स्वतः अफूच्या आहारी गेलेला डॉक्टरचा मदतनीस. एके काळी चोरी करून शिक्षा भोगलेली, खांद्याला व्यंग असलेली रोझाना ही मोलकरीणही अशीच बहिष्कृत आहे. खरा चोर निघतो तो धर्मादाय सभांमध्ये मिरवणारा सद्गृहस्थ. प्रतिष्ठितांविषयी हा अविश्वास लेखकाने जगून मिळवलेला होता. कॅरोलाइन ग्रेव्ह्ज या विधवेसह तो विवाहाशिवाय राहत असे. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये तिने दुसऱ्याशी लग्न केले व काही वर्षांत ती परतली. तोवर मार्था रड हिच्याशी त्याचा दुसरा संसार उभा राहिला होता. तिथे तो डॉसन हे नाव लावी; तिच्यापासून त्याला तीन मुले झाली. दोघींपैकी कुणाशीही त्याने लग्न केले नाही. त्याच्या उदारपणाचे गोडवे गाताना त्या स्त्रियांना सोसाव्या लागलेल्या अवमानाकडे काणाडोळा करणे योग्य नव्हे.

हिऱ्याचा मूळ अपहार होतो श्रीरंगपट्टणात, १७९९ च्या लुटीत, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून. मराठी वाचकाला येथे ‘नाशिकचा हिरा’ आठवेल. परंपरेने त्र्यंबकेश्वराचा मानला गेलेला तो हिरा १८१८ मध्ये कंपनीच्या हाती पडून लंडनच्या बाजारात विकला गेला. हिऱ्याच्या मागावरील तिघा ब्राह्मणांचे चित्रण साचेबंद आहे, हे मान्य करावे लागते. त्यांच्या हातून खूनही घडतो. तथापि १८५७ ला अवघे एक दशक उलटलेले असताना हिरा सोमनाथाच्या भूमीत परत नेऊन कथा संपवणे, ही त्या काळच्या इंग्रज लेखकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

नंतरच्या वीस वर्षांत कॉलिन्सने पुष्कळ लिहिले, परंतु ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. २३ सप्टेंबर १८८९ रोजी तो निधन पावला. मृत्युपत्रात दोन्ही घरांची सोय केलेली होती. केन्सल ग्रीन येथील त्याच्याच थडग्यात १८९५ मध्ये कॅरोलाइनला पुरण्यात आले. शिळेवर मात्र तिचे नाव नाही. तिथे कॉलिन्सची ओळख ‘द वुमन इन व्हाइट’चा कर्ता अशी आहे. ‘द मूनस्टोन’चा उल्लेख तिथे नाही.