घरापासून दूर शिकणारे बाबासाहेब

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही दरवर्षी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. यंदा त्या पदव्या घेताना त्यांच्या मनावर काय बेतलं, ते सांगावेसे वाटते. कारण आज कर्जत-खालापुरातली आपली पोरं मुंबई-पुण्याच्या होस्टेलवर, कुणी त्याहूनही लांब राहून शिकताहेत.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. वडिलांचे दुःख ताजे, माता रमाई आणि तान्हा यशवंत इकडे. वसतिगृहातले जेवण रुचेना, म्हणून जागा बदलली. पुढे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. कोलंबिया विद्यापीठात सर्वांच्या पंक्तीला बसून जेवता आले. १९१५ साली ते एम.ए. झाले.

१९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर गेले, तर राहायला जागा कुणी देईना. पारशी सरायीतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस बागेत झाडाखाली बसून रडला. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. हे आम्ही मुद्दाम लिहितो. रडू येणे म्हणजे कमजोरी नव्हे.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. थोडे साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून उसने घेतलेले ५ हजार रुपये, एवढीच शिदोरी. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भूक लागली की पापड. इकडे रमाईंनी हालात संसार रेटला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, ती या सगळ्यांच्या सोसण्यातून.

हे सोसल्यामुळेच की काय, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढल्यावर लगेच १९२५ साली सोलापुरात त्यांनी मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकणाऱ्याला नुसती फी पुरत नाही. डोक्यावर छप्पर, पुढ्यात ताट आणि जवळ आपलं माणूस लागतं.

रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली. ही आपल्याच घरची लेकरं होती असे आम्ही मानतो. म्हणून आईबापांना विनंती आहे. फोनवर आधी मार्क विचारू नका. जेवलास का, मित्र कोण आहेत, कुणी त्रास देतं का, हे विचारा. बाबासाहेबांनी सोसलं, तूही सोस, असं म्हणू नका. बाबासाहेबांनी मित्राचा हात धरला होता, मदत घेतली होती, हे सांगा. मन फारच खचले, तर १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि पोरांनो, सुट्टीत घरी आलात की विहारात जरूर या. इथं तुम्हाला निकाल कुणी विचारणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!