मोडलेल्या पायाबद्दल देवाचे उपकार : बर्नार्ड गिल्पिन यांचें चरित्र

वाटेंत गाडीचें चाक निखळलें, पावसानें सभा बुडाली, किंवा ऐन सणाच्या दिवशीं पाळकास ताप भरला, म्हणजे आम्ही पाळक लोक कुरकुर आधीं करितों आणि उपकारस्तुति मागाहून, सवड झाल्यास करितों. म्हणून या खेपेस साडेचारशें वर्षांपूर्वींच्या एका पाळकाची हकीकत आपणांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

बर्नार्ड गिल्पिन हे इंग्लंडच्या उत्तरेकडील केंटमिअर या गांवीं १५१७ सालच्या सुमारास जन्मले. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं विद्या संपादन केली. डरहॅमचे बिशप टन्स्टॉल हे त्यांच्या आईच्या नात्यांतील होते. त्यांनींच गिल्पिन यांस पुढें हॉटन येथील मंडळीवर नेमिलें. तेव्हां मेरी राणीचें राज्य होतें, व सुधारलेल्या मताच्या अडीचशेंहून अधिक स्त्रीपुरुषांस त्या काळांत जिवंत जाळण्यांत आलें. गिल्पिन तर आळशी व लोभी धर्माधिकाऱ्यांवर उघड टीका करीत. त्यांजवर आरोप आले. वृद्ध बिशपांनीं आपल्या या नातलगास कसेंबसें सांभाळून घेतलें, तेव्हां शत्रूंनीं लंडनच्या बॉनर बिशपाकडे धांव घेतली.

लंडनला नेण्यांत येणार असें कळतांच गिल्पिन यांनीं आपल्या कारभाऱ्यास एक लांब झगा शिवून ठेवण्यास सांगितलें. जळण्याच्या खांबाजवळ जातांना नीटनेटकें दिसावें, एवढाच त्यांचा हेतु ! मरणाची वाट समोर दिसत असतां ज्याला कपड्याची अशी चिंता करितां येते, त्याच्या मनांत भय नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं; पण भयाहून मोठें कांहीं तरी होतें खास.

जें कांहीं देवाकडून येतें तें आपल्या बऱ्यासाठींच येतें, असें म्हणण्याची त्यांस नेहमींची संवय होती. लंडनच्या वाटेवर त्यांचा पाय मोडला. तेव्हां बरोबरच्यांनीं थट्टेनें विचारिलें कीं, हेंही आपल्या बऱ्यासाठींच काय ? गिल्पिन यांनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, त्याविषयीं आपणांस शंका नाहीं. पाय मोडलेल्या मनुष्यास वाटेंतच पडून राहणें भाग पडलें. इतक्यांत १७ नोव्हेंबर १५५८ रोजीं मेरी राणी मरण पावली, एलिझाबेथ गादीवर बसली, आणि गिल्पिन मोकळे झाले. हॉटनचे लोक आनंदानें त्यांस सामोरे आले. त्या झग्याचें पुढें काय झालें, हें आम्हांस जाणण्याची फार इच्छा आहे !

नव्या राणीच्या अमलांत कार्लाइलचें बिशपपद त्यांस देऊं केलें, तें त्यांनीं नाकारिलें व हॉटन येथेंच राहिले. थंडीच्या दिवसांत दर रविवारीं त्यांच्या घरीं सर्व मंडळीस जेवण असे. पंधरवड्यास एक अख्खा बैल लागत असे, असें जुने लोक सांगत. एकदां वाटेंत एका गरीब नांगऱ्याचा घोडा मरून पडलेला त्यांनीं पाहिला. आपल्या एका घोड्याचें खोगीर उतरवून त्यांनीं तो त्यास दिला. एवढी किंमत मी कोठून देऊं, असें तो म्हणाला, तेव्हां मीं मागेन त्या दिवशीं दे, असें सांगून ते चालते झाले. मागण्याचा दिवस अर्थात् कधींच आला नाहीं.

स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील रीड्सडेल व टाइनडेल या खोऱ्यांतील लोक चोरी व वैर यांवर वाढलेले. त्यांस कोणी पाळक नव्हता म्हटलें तरी चालेल. नाताळांत लोक सणासाठीं एकत्र जमतात म्हणून गिल्पिन भर हिवाळ्यांत तिकडे जात. एकदां बर्फांत रात्र पडली, आसरा मिळेना. त्यांनीं चाकरास घोडे सारखे पुढेंमागें पळवीत ठेवण्यास सांगितलें, आणि पाळकसाहेब स्वतः अंगांत ऊब राहावी म्हणून कधीं धांवत, कधीं चालत रात्रभर फेऱ्या घालीत राहिले.

रॉथबरीच्या देवळांत एकदां एक हातमोजा टांगलेला त्यांनीं पाहिला. जो तो काढील त्यानें मालकाशीं लढावें, असा त्याचा अर्थ. देवळाच्या सेवकाची हात लावण्याची छाती होईना. गिल्पिन यांनीं काठी मागवून तो स्वतः काढिला, छातीशीं कपड्यांत ठेविला, आणि उपदेशांत त्या रीतीचा खरपूस समाचार घेतला. त्यांजवर कोणी हात उगारिला नाहीं. पुढें एकदां त्यांचे घोडे चोरीस गेले, पण ते कोणाचे आहेत हें कळतांच चोर थरथर कांपत ते परत घेऊन आला.

नवे बिशप बार्न्स यांच्या समोर तयारीवांचून उपदेश करण्याची पाळी आली, तेव्हां त्यांनीं बिशपांच्याच कारभारांतील दोष तोंडावर सांगितले. आपण शत्रूच्या हातीं तरवार दिली, असें म्हणून मित्र रडूं लागले. परंतु बिशप स्वतः त्यांस घरीं पोंचविण्यास आले व त्यांनीं त्यांची क्षमा मागितली.

म्हातारपणीं डरहॅमच्या बाजारांत एका बैलानें त्यांस पाडिलें. ज्यांच्या घरीं पंधरवड्यास एक बैल लागे, त्यांजवर बैलांनीं हिशेब चुकता केला, असें मनांत येऊन आम्हांस हसूं येतें. गिल्पिनही हसले असते असें वाटतें. त्या मारांतून ते पुरते बरे झाले नाहींत. जुन्या कालगणनेप्रमाणें १५८३ सालच्या मार्च महिन्यांत ते मरण पावले. त्यापूर्वीं त्यांनीं निरोप घेण्यास माणसें बोलाविलीं, तीं अशीं : प्रथम गांवांतील गरीब, मग शाळेंतील मुलें, आणि मग घरचे चाकर.