मित्र म्हणाले हे जाळून टाक, आणि त्यातूनच पुढे ‘मादाम बोव्हारी’ घडली

१९९३ साली केतन मेहतांचा ‘माया मेमसाब’ नावाचा सिनेमा आला होता. दीपा साही, फारूख शेख, राज बब्बर आणि तेव्हा नवीनच असलेला शाहरुख खान. साध्यासुध्या डॉक्टरची बायको, पुस्तकं वाचून रंगवलेली स्वप्नं, संसाराचा आलेला कंटाळा आणि बाहेरची प्रेमप्रकरणं.

ही गोष्ट मूळची फ्रान्समधली. कादंबरीचं नाव ‘मादाम बोव्हारी’ आणि लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर.

जगातल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांची यादी कुणीही केली तरी हे नाव त्यात येतंच. पण ही कादंबरी लिहायला घेण्याच्या दोनच वर्षं आधी फ्लोबेरच्या दोन जिवलग मित्रांनी त्याचं लिखाण ऐकून ते आगीत टाकायला सांगितलं होतं.

तिथून इथपर्यंतचा प्रवास कसा झाला, याचं उत्तर त्याच्या खाडाखोडीत आहे.

फ्लोबेरचा जन्म १२ डिसेंबर १८२१ चा, फ्रान्समधल्या रूआँ शहरातला. वडील तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे मुख्य सर्जन. थोरला भाऊ वडिलांच्याच वाटेने डॉक्टर झाला. गुस्ताव्हला कायदा शिकायला पॅरिसला पाठवलं, पण त्याचं मन रमलं ते लिहिण्यात. शाळकरी वयापासून तो वह्याच्या वह्या भरत होता.

जानेवारी १८४४ मध्ये भावासोबत घोडागाडीतून जाताना त्याला अचानक झटका आला आणि तो कोसळला. पुढेही असे झटके येत राहिले. कायद्याचं शिक्षण तिथेच थांबलं.

१८४६ साली तर घरावर आभाळच कोसळलं. जानेवारीत वडील गेले, मार्चमध्ये बाळंतपणानंतर धाकटी बहीण गेली. मागे राहिले तो, आई आणि बहिणीची तान्ही मुलगी. सीन नदीच्या काठावर क्रुआसे गावात त्यांचं घर होतं. फ्लोबेर तिथे राहायला लागला आणि आयुष्यभर तेच त्याचं घर राहिलं. वडिलांनी मागे ठेवलेला पैसा होता, त्यामुळे पोटापाण्यासाठी नोकरी करायची गरज नव्हती.

आता फक्त लिहायचं होतं.

त्याने विषय निवडला संत अँथनीचा. वाळवंटात एकटा राहणारा साधू आणि त्याला भुलवायला येणारी नाना रूपं. सुमारे सोळा महिने खपून त्याने हे हस्तलिखित पूर्ण केलं. सप्टेंबर १८४९ मध्ये मॅक्सिम द्यु कां आणि लुई बुये या दोन मित्रांना क्रुआसेला बोलावलं. अट एकच, शेवटपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही.

मग वाचन सुरू झालं. दुपारी चार तास, रात्री चार तास, असे चार दिवस. एकूण बत्तीस तास!

वाचून झाल्यावर दोघांनी एकमेकांशी सल्लामसलत केली आणि बुयेने निकाल सांगितला. हे आगीत टाक आणि याबद्दल पुन्हा बोलू नकोस, असा तो निकाल होता.

सत्तावीस वर्षांच्या लेखकाचं काय झालं असेल, कल्पना करा. तो भांडला, वाद घातला. पण मित्रांचं म्हणणं नेमकं होतं. फ्लोबेरला मोठमोठे शब्द, उपमा आणि भावनांचा पूर यांची भारी हौस. या पुस्तकात तो त्या पुरातच वाहून गेला होता. साधू बाजूला राहिला आणि पानोपानी स्वतः फ्लोबेरच बोलत होता. मित्रांनी उपायही सुचवला. असा विषय घे, की ज्यात फुलोरा केला तर तो हास्यास्पद दिसेल. रोजच्या आयुष्यातली साधी माणसं घे.

द्यु कांने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की, बुयेने त्याच वेळी एक गोष्टही सुचवली होती. फ्लोबेरच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला देलामार नावाचा एक सामान्य वैद्य जवळच्या री नावाच्या गावात होता. त्याची तरुण पत्नी १८४८ साली अकाली वारली होती आणि तिच्याबद्दल परिसरात बरंच बोललं जात होतं.

त्यानंतर फ्लोबेर द्यु कांसोबत इजिप्त आणि पूर्वेकडच्या देशांच्या लांब प्रवासाला गेला. १८५१ मध्ये परत आला आणि १९ सप्टेंबर १८५१ च्या रात्री त्याने ‘मादाम बोव्हारी’ लिहायला घेतली.

ती पूर्ण व्हायला १८५६ चा वसंत उजाडला. म्हणजे तब्बल साडेचार वर्षं.

एवढा वेळ कशात गेला?

त्याची पद्धत आधी समजून घ्यायला हवी. सगळ्यात आधी तो आराखडा करायचा. कुठल्या प्रकरणात काय घडणार, कोण कुठे असणार. मग एकेक प्रसंग घेऊन कच्चं लिखाण. या टप्प्यावर हात सैल सोडलेला असायचा. सुचेल ते सगळं यायचं. ओळींच्या मधे, समासात, कागदाच्या मागच्या बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे.

त्यानंतर सुरू व्हायची काटछाट. पान इतकं खोडलं जायचं की वाचता येईनासं व्हायचं. मग ते नव्याने उतरवायचं आणि उतरवलेलं पुन्हा खोडायचं. एका छापील पानाच्या मागे अशी अनेक पानं जायची. कधीकधी तर अख्ख्या आठवड्यात एखाद-दोन पानंच हाताला लागायची. लुईज कोले या कवयित्रीला तो त्या काळात रात्री उशिरा पत्रं लिहायचा. ती पत्रं या कुरबुरीने भरलेली आहेत.

खोडायचा काय? जवळजवळ आलेला तोच शब्द. एकात एक अडकलेली वाक्यं. कानाला खटकणारे सारखे आवाज. मनापासून आवडलेली, पण प्रसंगाला नको असलेली उपमा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेखकाचं स्वतःचं मत. एम्मा बोव्हारी बरोबर की चूक, तिची कीव करायची की राग, हे सांगणारी ओळ कादंबरीत राहू द्यायची नाही, असा त्याचा नियम होता. वाचकाला एम्माच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, लेखक मात्र कुठेच दिसता कामा नये.

लिहून झालं की शेवटची परीक्षा असायची. फ्लोबेर उभा राहून ते वाक्य मोठ्या आवाजात, अगदी घसा ताणून म्हणायचा. जिथे श्वास तुटला, जीभ अडखळली, ते वाक्य नापास. या परीक्षेसाठी त्याने ‘गलुआर’ असा स्वतःचा शब्दच वापरात आणला. त्याचा अर्थ साधारण बोंबलण्याची जागा!

आणि दर रविवारी बुये यायचा. तोच, ज्याने आधीचं पुस्तक जाळायला सांगितलं होतं. आठवडाभरात जे लिहून झालं ते फ्लोबेर त्याला वाचून दाखवायचा आणि दोघं मिळून एकेक ओळ तपासायचे. ज्याने सर्वात कठोर टीका केली, त्याच मित्राला फ्लोबेरने आपला पहिला वाचक केलं.

या मेहनतीचं फळ कुठे दिसतं? कृषी प्रदर्शनाच्या प्रसंगात. गावात जत्रेसारखी गर्दी आहे. खाली मैदानात पुढाऱ्यांची भाषणं चालू आहेत, डुकरांना आणि शेणखताला बक्षिसं जाहीर होतायत. वर नगरपालिकेच्या इमारतीत रोडोल्फ नावाचा रंगेल जमीनदार एम्माच्या कानात प्रेमाच्या गोष्टी सांगतोय. फ्लोबेरने दोन्ही बोलणी एकमेकांत गुंफली. प्रेमाचं एक वाक्य, की लगेच खताचं बक्षीस. रोडोल्फ खोटारडा आहे, हे लेखकाला वेगळं सांगावंच लागलं नाही. हा एक प्रसंग जमवायला त्याला काही महिने लागले.

१८५६ च्या मे महिन्याच्या शेवटी त्याने हस्तलिखित पॅरिसला पाठवलं. पाठवण्याआधीही सुमारे तीस पानं काढून टाकली होती.

इथून खरी गडबड सुरू झाली.

द्यु कां तेव्हा ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकाच्या संपादकांपैकी एक होता. त्याने कळवलं की कादंबरी चांगली आहे, पण नको त्या तपशिलांखाली दबली आहे. एखाद्या जाणकाराला थोडे पैसे देऊन काटछाट करून घेऊ, तू आमच्यावर सोड. फ्लोबेरने त्या पत्राच्या मागे एका शब्दात शेरा मारला आणि स्वतःच्या मजकुरावर ठाम राहिला.

१ ऑक्टोबर १८५६ पासून कादंबरी हप्त्याहप्त्याने छापून यायला लागली. पण सरकारचा रोष ओढवेल या भीतीने संपादकांनी एम्मा आणि तिचा प्रियकर बंद घोडागाडीतून शहरभर फिरतात तो प्रसंग गाळला. पुढच्या भागातही कात्री लावली. फ्लोबेर भडकला. वाचकांच्या हाती पूर्ण कादंबरी नसून तिचे तुकडे पडत आहेत, अशी सूचना त्याने छापायला लावली.

ज्या माणसाने स्वतः शेकडो पानं खोडली, त्याला चार पानं गेल्याचं एवढं दुःख का? कारण दोन्ही खोडण्यांमागचा हेतू वेगळा होता. फ्लोबेर खोडायचा ते गोष्ट नेमकी व्हावी म्हणून, तर संपादक खोडत होते अडचण टळावी म्हणून.

अडचण मात्र टळली नाही. २९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या न्यायालयात फ्लोबेर, नियतकालिकाचा संपादक आणि मुद्रक आरोपी म्हणून उभे राहिले. आरोप होता सार्वजनिक नीती आणि धर्माचा अवमान केल्याचा. सरकारी वकील होते एर्नेस्ट पिनार.

पिनार यांचा एक आक्षेप फार बोलका होता. या पुस्तकात एम्माला दोष देऊ शकेल असं एकही पात्र नाही, अशी त्यांची तक्रार होती. साडेचार वर्षं रात्री जागून फ्लोबेरने जी गोष्ट पानांवरून पुसून काढली होती, ती कुठे गेली म्हणून आता सरकार विचारत होतं. त्याची लेखनपद्धतच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

बचावाला होते ज्यूल सेनार. मूळचे रूआँचे नामांकित वकील आणि माजी गृहमंत्री. त्यांनी सुमारे चार तास युक्तिवाद केला. व्यभिचाराचा शेवट किती भयंकर होतो हेच ही कादंबरी दाखवते, असा त्यांचा मुद्दा होता. ७ फेब्रुवारीला निकाल लागला. न्यायालयाने पुस्तकाला खडे बोल सुनावले, पण तिघांनाही निर्दोष सोडलं.

खटल्याने जी प्रसिद्धी केली ती कुठल्याच जाहिरातीने झाली नसती. एप्रिलमध्ये पुस्तक बाजारात आलं आणि हातोहात खपलं. पण हक्कांचा करार आधीच झाला होता, तोही ८०० फ्रँकला. मोठा फायदा प्रकाशकाचा झाला. बुये आणि सेनार या दोघांची नावं मात्र पुस्तकाच्या सुरुवातीला सन्मानाने छापली गेली.

पुढेही फ्लोबेर बदलला नाही. प्राचीन कार्थेजवरची ‘सालाम्बो’ लिहायला घेतल्यावर तो १८५८ मध्ये प्रत्यक्ष ट्युनिशियाला जाऊन आला आणि आधी लिहिलेलं मोडून पुन्हा सुरुवातीपासून लिहायला बसला. मित्रांनी जाळायला सांगितलेला संत अँथनीसुद्धा त्याने सोडला नाही. दोनदा नव्याने लिहून १८७४ मध्ये, म्हणजे त्या वाचनानंतर पंचवीस वर्षांनी तो प्रसिद्ध केला.

या हट्टाची किंमतही त्याने मोजली. आयुष्यभरात मोजकीच पुस्तकं झाली. बुये १८६९ मध्ये गेला आणि रविवारचा तो कान हरवला. १८७५ मध्ये भाचीच्या नवऱ्याचं दिवाळं निघू नये म्हणून फ्लोबेरने स्वतःची शेती विकली आणि उरलेले दिवस पैशाच्या चणचणीत काढले.

शेवटच्या वर्षांत त्याच्याकडे एक तरुण यायचा. बालमित्राचा भाचा, सरकारी कचेरीतला कारकून. नाव गी द मोपासाँ. हिऱ्यांच्या हाराची ती प्रसिद्ध कथा लिहिणारा तोच. फ्लोबेर त्याचं लिखाण तपासायचा, परत करायचा, छापायची घाई करू नकोस म्हणून सांगायचा. गाडीला जुंपलेला एक घोडा असा लिही की रांगेतल्या पन्नास घोड्यांत तो वेगळा ओळखू यावा, असा गृहपाठ द्यायचा. असं सुमारे सात वर्षं चाललं.

एप्रिल १८८० मध्ये मोपासाँची ‘बूल द स्वीफ’ ही कथा प्रसिद्ध झाली. फ्लोबेरने ती वाचून मनापासून दाद दिली. त्यानंतर काहीच आठवड्यांत, ८ मे १८८० रोजी, क्रुआसेच्या घरी त्याचा मृत्यू झाला. टेबलावर ‘बुव्हार आणि पेकुशे’ ही कादंबरी अर्धवट पडून होती. मोपासाँने मात्र पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे तीनशे कथा लिहिल्या. गुरूचा संथ वेग त्याने घेतला नाही, पण वाक्य तपासायची सवय घेतली.

१९१४ मध्ये फ्लोबेरच्या भाचीने ‘मादाम बोव्हारी’चे सगळे कागद रूआँच्या ग्रंथालयाला दिले. कच्चे खर्डे, खोडलेली पानं, पक्की प्रत. आज ती पानं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात.

एक छोटीशी कादंबरी आणि तिच्यामागे हजारो पानांचा ढीग. त्यातल्या कित्येक पानांवर तिरक्या रेघा मारलेल्या आहेत. पहिल्या झटक्यात सुचलेलं वाक्य खोडायला आपला हात कचरतो, तेव्हा त्यातलं एखादं पान उघडून बघायला हरकत नाही.