काट्यावरचा गुलाब

उपचार झाले, मंडळीने प्रार्थना केल्या, तरी वेदना गेली नाही, असे कोणी तरी आपल्या परिचयात असेलच. अशा व्यक्तीच्या खाटेपाशी आपण काय बोलतो? ॲमी कारमायकल यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

त्यांचा जन्म १८६७ साली आयर्लंडमध्ये झाला. १८९३ मध्ये त्या सुवार्तेसाठी जपानला गेल्या. परंतु मज्जातंतूंच्या तीव्र वेदनांमुळे त्यांना लवकरच परतावे लागले. १८९५ मध्ये त्या भारतात आल्या आणि पुन्हा मायदेशी गेल्या नाहीत. आजच्या तामिळनाडूतील दोहनावूर येथे, देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींना त्यांनी आसरा दिला. शेकडो मुलांच्या त्या ‘अम्मा’ झाल्या.

२४ ऑक्टोबर १९३१ च्या सकाळी त्यांनी प्रार्थना केली, की आपण अधिक सेवायोग्य व्हावे म्हणून प्रभूने आपले हवे ते करावे. त्याच दिवशी सायंकाळी कलक्काड येथे त्या एका खड्ड्यात पडल्या. पाय मोडला, घोटा निखळला. इस्पितळात उपचार झाले, परंतु पूर्ववत चालणे झाले नाही. पुढे संधिवात व मज्जातंतूंचा दाह जडला. उरलेली सुमारे वीस वर्षे बहुतांशी एका खोलीतच गेली.

आजाऱ्यांसाठी लिहिलेली पुष्कळ पत्रके त्यांच्याकडे येत. पण ती निरोगी माणसांनी लिहिलेली असत, म्हणून अंतःकरणापर्यंत पोहोचत नसत. तेव्हा त्यांनी स्वतः अंथरुणावरून आजाऱ्यांसाठी पत्रे लिहिली. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच काटेरी झुडुपावरचा गुलाब आहे.

पौलाच्या देहातील काट्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ टोकदार खुंटा असाही होतो. म्हणजे ही वेदना किरकोळ नव्हती. तीन वेळा विनंती करूनही काटा निघाला नाही. कृपा मात्र पुरेशी मिळाली. म्हणून, वाचकहो, बरे न झालेल्याच्या विश्वासात उणीव आहे, असे आपण कधीही म्हणू नये. पौलाला तसे कोण म्हणेल?

१८ जानेवारी १९५१ रोजी अम्मा प्रभूकडे गेल्या. त्यांच्या इच्छेनुसार कबरेवर शिळा उभारली नाही. तेथे पक्ष्यांसाठी पाण्याचे पात्र ठेवले आहे. पुढच्या वेळी आपण आजाऱ्याच्या खाटेपाशी बसाल, तेव्हा उपदेश बाजूला ठेवा आणि प्रथम त्याचे ऐका.